पदराचा कायदा

कायद्यानं माणूस बदलत नसतो, हे आप्पासाहेबांचं मत खुलताबाद रोडवरच्या त्यांच्या गावात सगळ्यांना पाठ होतं. पारावर विषय कोणताही निघो, ते फिरून तिथंच यायचे. हुंडाबंदी आली, तर लोक हुंड्याला मानपान म्हणायला लागले. गुटखाबंदी आली, तर पुड्या काउंटरवरून काउंटरखाली गेल्या. हेल्मेटचंही तसंच, असं सांगून ते दाखला म्हणून स्वतःकडेच बोट दाखवायचे. त्यांचं हेल्मेट मोटरसायकलच्या आरशाला लटकलेलं असायचं. शहरात शिरताना नगर नाक्याच्या अलीकडं ते डोक्यावर चढायचं, आणि पोलीस मागं पडले की पुन्हा आरशाला.

त्या हिवाळ्यात त्यांची लेक अपेक्षा बाळंत झाली. ती उस्मानपुऱ्यात राहायची. डॉक्टरांनी लांबचा प्रवास नको म्हटल्यामुळं तिला माहेरी आणता आलं नाही, आणि नातीला न्हाऊमाखू घालायला परक्या बाईचा हात तिच्या आईला, सरूबाईंना, चालणार नव्हता. म्हणून रोज सकाळी दूध काढून झालं की दोघं नवराबायको गाडीवर बसून शहरात जायची आणि दुपारी परत यायची.

सरूबाईंचं गाडीवर बसणं मोठं अवघड काम होतं. एका हातात पिशवी, दुसरा हात सीटमागच्या कडीला, आणि डोक्यावरचा पदर वाऱ्यानं उडू नये म्हणून त्याचं टोक दातात धरलेलं. पारावर सासरेमंडळी बसलेली असायची, त्यांच्यासमोरून उघड्या डोक्यानं जायची त्या घरात रीत नव्हती. गाव मागं पडलं तरी दातातला पदर काही सुटायचा नाही, सवयच तशी लागली होती. त्यामुळं लग्न झाल्यापासून गाडीवर त्या कधी अवाक्षर बोलल्या नव्हत्या. आप्पासाहेबांना वाटायचं, हिला बोलायला आवडत नाही.

एका सकाळी नगर नाक्यावर एका तरुण पोलीस बाईंनी गाडी बाजूला घ्यायला लावली. आप्पासाहेबांच्या डोक्यावर हेल्मेट होतं, पण मागं बसणाऱ्यालाही ते लागतं, असं बाईंनी सांगितलं. आप्पासाहेबांनी गाडी स्टँडवर लावली आणि आपलं मत पहिल्यापासून सांगायला घेतलं. हुंडाबंदी झाली, गुटखा झाला. बाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"मत तुमचंय काका, असू द्या," त्या म्हणाल्या. "पण काकूंचं डोकं काकूंचंय."

सरूबाईंना हसू आलं, आणि दातातला पदर सुटला.

त्या दिवशी जावयानं, ऋतुराजनं, घरातलं एक जास्तीचं लाल हेल्मेट सासूबाईंना दिलं. सरूबाईंनी ते आधी पदरावरूनच घालून पाहिलं, तर ते घसरून डोळ्यांवर आलं. अपेक्षानं पदर काढून खांद्यावर नीट खोचला, हेल्मेट बसवलं, हनुवटीखाली पट्टा लावला आणि आईला आरशापुढं उभं केलं. सरूबाई बराच वेळ आरशात बघत राहिल्या. आपण कोण आहोत हे बाहेरच्याला मुळीच कळणार नाही, एवढं त्यांना त्यात दिसलं, आणि ते त्यांना फार आवडलं.

परतीच्या वाटेवर छावणी मागं पडली तशी आप्पासाहेबांना पाठीमागून आवाज आला. आधी त्यांना वाटलं कोणी हाक मारतंय. मग लक्षात आलं, सरूबाई बोलताहेत. नातीचं नाक कुणावर गेलंय इथून सुरुवात झाली. तिथून गोष्ट अपेक्षाच्या नोकरीवर गेली, तिथून विहिरीजवळच्या तुकड्यात मका लावण्यापेक्षा अद्रक लावलं असतं तर बरं झालं असतं, यावर. दौलताबादचा दरवाजा आला, घाट आला, तरी बोलणं थांबलं नव्हतं. आप्पासाहेबांनी गाडी चालवता चालवता अद्रकाचा हिशेब मनाशी करून पाहिला. बायको बरोबर सांगत होती.

दुसऱ्या दिवसापासून त्यांना सकाळची घाई व्हायला लागली. सरूबाई रात्रभर साठवून ठेवल्यासारख्या बोलायच्या, आणि आप्पासाहेब मान तिरकी करून ऐकायचे. पण नगर नाक्याजवळ स्वतःचं हेल्मेट चढवलं की काहीच ऐकू यायचं नाही, ऐन रंगात आलेली गोष्ट अर्धी राहायची. आता हेल्मेट न घालायला त्यांना खरंखुरं कारण मिळालं होतं, आणि एका सकाळी नाक्याअलीकडं गाडी थांबवून त्यांनी ते बायकोला सांगूनही टाकलं.

सरूबाई गाडीवरून उतरल्या आणि रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या.

"गाडी हळू चालवा, मंग येतंय ऐकू," त्या म्हणाल्या. "मला माझं बोलणं ऐकणारा माणूस लई उशिरा घावलाय. त्याचं डोकं फुटलेलं मला चालायचं नाय."

आप्पासाहेबांनी आरशाचं हेल्मेट काढलं आणि डोक्यात घातलं. त्या दिवसापासून ते गावातूनच हेल्मेट घालून निघायला लागले, आणि गाडी इतकी सावकाश चालवायला लागले की उसाचे ट्रॅक्टरसुद्धा त्यांच्या पुढं निघून जायचे.

गावात मात्र कुजबूज सुरू झाली होती. आप्पाची बायको पारावरून पदर न घेता जाते, एवढंच नाही तर बोलत जाते. शेवटी एका संध्याकाळी कडुबातात्यांनी आप्पासाहेबांना बोलावून घेतलं. तात्या म्हणजे त्यांचे थोरले चुलते, भावकीतले सगळ्यात वयस्कर. त्यांचा शब्द खाली पडायचा नाही.

"आप्पा," तात्या म्हणाले, "सूनबाईचा पदर कुठं गेला?"

आप्पासाहेबांच्या मनात पुष्कळ उत्तरं येऊन गेली. कोणतंही दिलं तरी भांडण ठरलेलं होतं. आणि भांडण झालं तर पहिला बळी सरूबाईंच्या बोलण्याचाच जाणार, हेही त्यांना दिसत होतं. तेव्हा ते घसा खाकरून म्हणाले, "तात्या, सरकारचा कायदाच हाय. हेल्मेटाच्या आत पदर चालत नाय."

असा कायदा कुठंच नव्हता. कायद्याला आयुष्यभर नावं ठेवणाऱ्या माणसानं तो तिथल्या तिथं उभ्या उभ्या केला होता.

तात्या विचारात पडले. निजामाचा अंमल त्यांनी लहानपणी पाहिला होता, आणि सरकारी हुकूम म्हणजे काय हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. मग त्यांनी हा हुकूम सगळ्यांना लागू आहे का, असं विचारलं. आप्पासाहेबांनी होकारार्थी मान हलवली, आता मागं फिरायला जागा नव्हती.

"हुकूम हाय म्हटल्यावर खुंटलंच की बोलणं," तात्या म्हणाले, आणि घराकडं निघून गेले.

पुढच्या बाजाराला तात्यांच्या मुलानं, रामप्रसादनं, निळं हेल्मेट आणलं. ते वच्छलाबाईंसाठी होतं, म्हणजे त्याच्या बायकोसाठी, आणि तात्यांनी स्वतः पाठवून आणवलं होतं. आपल्या घरातून सरकारचा हुकूम मोडला जाऊ नये, एवढीच त्यांची इच्छा होती. वच्छलाबाईंनी ते घालून गावातून पहिली फेरी मारली, तेव्हा वेशीपासून शाळेपर्यंत त्यांचं बोलणं सगळ्यांना ऐकू येत होतं. त्यांच्या मागोमाग आणखी दोन-तीन घरांत हेल्मेटं आली. असा कायदा नाही हे सरूबाईंना ठाऊक होतं, पण त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही. फक्त नवऱ्याला दुपारी चहासोबत आपणहून भजी तळून दिली.

उन्हाळ्याच्या तोंडाला तात्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. रामप्रसाद गाडी घेऊन आला. तात्यांनी पांढराशुभ्र पटका बांधला होता, त्याच्यावर हेल्मेट काही बसेना. रामप्रसाद म्हणाला की म्हाताऱ्या माणसाला पोलीस सोडतात, राहू द्या. तात्यांना ते पटलं नाही. सुनांना एक न्याय आणि सासऱ्याला दुसरा, हे त्यांच्या तोंडून निघालं नाही, पण ते पाराच्या कट्ट्यावर बसले आणि पटका सोडायला लागले.

त्यांना बोडक्या डोक्यानं गावानं कधी पाहिलं नव्हतं. पटक्याचे वेढे सुटत गेले आणि खालून एक गुळगुळीत, गोरंपान टक्कल बाहेर आलं. मग वच्छलाबाई पुढं झाल्या, त्यांनी आपलं निळं हेल्मेट सासऱ्याच्या डोक्यावर बसवलं आणि पट्टा लावून दिला. तात्यांनी काच वर केली, पारावरच्या मंडळींकडं एकदा बघितलं, आणि पहिल्यांदा तेच हसले.

"लई गार वाटतंय रे," ते म्हणाले.

पटका घडी करून त्यांनी सुनेच्या हातात दिला आणि गाडी सावकाश चालवायला रामप्रसादला बजावलं. वाटेत त्यांना बरंच काही बोलायचं होतं.