माथ्यावरच्या एकसष्ट चिचुंद्र्या

हिवाळा आला की आमच्याकडच्या चिचुंद्रीचं डोकं लहान होतं. नुसतं तसं दिसत नाही, मोजलं तरी कमी भरतं. कवटी खाली बसते, आतला मेंदू आखडतो, आणि वसंतात दोन्ही पुन्हा थोडे वाढतात. बोटाएवढा जीव, लांबुडकं नाक, दातांची टोकं लाल. खायला मिळत नाही त्या दिवसांत पोसायचं डोकंच ती कमी करून टाकते.

हे जुनंच ठाऊक असलेलं. माझा प्रश्न त्यापुढचा आणि लहानसा होता: खोऱ्यातल्या चिचुंद्रीपेक्षा डोंगरमाथ्यावरच्या चिचुंद्रीचं डोकं जास्त आखडतं का? वर हिवाळा सात महिने असतो.

त्यासाठी मला डोंगर चढायची गरज नव्हती. माझी लेक आग्नेशा तान्ही होती, चढता आलंही नसतं. उत्तर आमच्या संग्रहालयाच्या तळघरात, नऊ नंबरच्या कपाटात होतं. तिथे चाळीस वर्षांत पकडलेल्या चिचुंद्र्या ओळीनं झोपलेल्या. कातडी कापूस भरून शिवलेली, शेजारी कुपीत कवटी, पायाला चिठ्ठी. चिठ्ठीवर तारीख, ठिकाण, उंची, आणि पकडणाऱ्याचं नाव. जवळजवळ प्रत्येक चिठ्ठीवर एकच नाव, वेंदेलीन कुबाला. मी शाळेत होते तेव्हा उंदराची कातडी न फाडता कशी काढायची हे मला त्यांनीच शिकवलं होतं.

सप्टेंबरअखेर प्रबंध दिला तर विभागातली कायमची जागा मला मिळणार होती. तसं ओल्गा बेन्कोव्स्काबाईंनी, म्हणजे आमच्या विभागप्रमुखांनी, लेखी कळवलं होतं. जागा मिळाली की राडोव्हान परत येणार होता. माझा नवरा दोन वर्षं सीमेपलीकडे बांधकामावर आहे, पत्र्याच्या खोलीत सहा जणांबरोबर झोपतो आणि पंधरा दिवसांनी एकदा घरी येतो. आग्नेशा त्याला पाहून अर्धा दिवस रडते आणि उरलेला अर्धा दिवस त्याची दाढी ओढते. मग त्याची बस असते.

तळघरात बाळ नेता येत नाही, जुन्या कातड्यांना सोमलाचं विष चोळलेलं असतं. दुपारी दोन तास तिला तिकीटखिडकीवरची बोझेना सांभाळायची. मी हात तीनदा धुऊन, ब्लाउज बदलून वर यायची तेव्हा बोझेना म्हणायची, "तुझ्या लेकीनं आज दोन तिकिटं खाल्ली. शाळेच्या सवलतीची होती म्हणून सोडून दिलं."

ग्रंथालयाच्या कोपऱ्यात तिला पाजताना मी मनातल्या मनात कवट्यांच्या उंचीची मापं म्हणत असे. पाच पॉइंट आठ. पाच पॉइंट सहा. तिचा टाळू माझ्या हनुवटीखाली धडधडायचा. जगातलं एक डोकं दर आठवड्याला मोठं होत होतं, आणि मी लहान झालेली डोकी मोजत होते.

जूनपर्यंत माथ्यावरच्या शहाण्णव कवट्या मोजून झाल्या. त्यातल्या पस्तीस अपेक्षेप्रमाणे, पार आखडलेल्या. पण एकाहत्तर ते चौऱ्याहत्तर या चार वर्षांतल्या एकसष्ट कवट्या खोऱ्यातल्या कवट्यांसारख्याच निघाल्या. मला वाटलं मीच चुकले. पुन्हा मोजल्या. तेच.

बाई खूश झाल्या. "मिलोता, अगं चार वर्षं माथा हिवाळा विसरला होता असं म्हणतायत या कवट्या. का विसरला, ते आपण सांगायचं." बाई कधी 'आपण' म्हणत नसत. त्यांनी मासिकाला लेख पाठवलाही, माझं नाव पहिलं घालून. किरकोळ दुरुस्त्या करून द्या, छापतो, असं उत्तर आलं.

जुलैत आग्नेशाला खालचा पहिला दात आला. एका रविवारी तिनं सफरचंदाची फोड चोखून चोखून माझ्या मांडीवर टाकली. उचलून पाहिली तर वर एकच खड्डा, गोल, कडा आत दबलेली. मी हसले, फोड राडोव्हानला दाखवायला बशीत ठेवली आणि हसता हसता थांबले. असा खड्डा मी पाहिला होता. वहीत कितीतरी कवट्यांपुढे मीच लिहिलं होतं: 'मागे लहान भोक, उंचीच्या मापाला अडचण नाही.'

सोमवारी भिंग घेऊन बसले. एकसष्टपैकी त्रेचाळीस कवट्यांना मागच्या बाजूला भोक. सापळ्याची दांडी बसली तर कवटीला आडवी चीर जाते. माथ्यावर तर सापळेही नव्हते, जमिनीत पुरलेले डबे होते. डब्यात पडलेली चिचुंद्री गारठून मरते, कवटी अख्खी राहते. उरलेल्या पस्तीस तशाच होत्या, अख्ख्या. ही भोकं दातांची होती. कोल्हा खाऊन टाकतो, घुबड गिळतं. चिचुंद्री मारून न खाता सोडून देणारं एकच जनावर मला माहीत आहे, आणि ते एकोणीसशे मीटरवर राहत नाही.

संध्याकाळी आग्नेशाला घेऊन वेंदेलीनकाकांकडे गेले. वय चौऱ्याऐंशी, एकटेच राहतात. त्यांनी लिंडनच्या फुलांचा चहा केला, खसखशीचा रोल कापला आणि आग्नेशाला मांडीवर घेतलं. ती त्यांच्या बटणांना लागली.

"काका, एकाहत्तर सालच्या चिचुंद्र्या कुठे पकडल्यात?"

"चिठ्ठीवर काय लिहिलंय?"

"मोठा माथा, एकोणीसशे मीटर."

"मग वाचता येतंय की तुला."

"कवट्यांना दातांची भोकं आहेत."

त्यांनी चहा ढवळला. साखर कधीच विरघळली होती. "किती?"

"त्रेचाळीस."

"बाकीच्या मानेला धरल्या असतील," ते म्हणाले. "मुरा बहुतेक मानेलाच धरायची."

"मुरा?" मी विचारलं.

"राखाडी होती. रोज सकाळी पायरीवर एक तरी टाकायची. खात नाही मांजर, वास येतो. नुसती मारते आणि नीट मांडून ठेवते, निरीक्षक येणार असल्यासारखी." ते आग्नेशाच्या हातातून बटण सोडवत होते. "अपोलोनिया छातीच्या दवाखान्यात होती, एकवीस महिने. आमचा टिबोर सहा महिन्यांचा. संग्रहालयाच्या योजनेत लिहिलेलं, माथ्यावरून दर साली पंधरा चिचुंद्र्या. वर चार रात्री राहायचं तर पोर कुणाकडे टाकू? पंधरा नाही दिल्या तर माझ्या जागी दुसरा. पोराला आई दवाखान्यात आणि बाप बेकार. तू सांग."

"पंधराच्या हिशेबानं चार सालांच्या साठ होतात."

"एक जास्त दिली. ठरल्यापेक्षा जास्त दिलं की संग्रहालयाच्या जिन्यात आपला फोटो लावायचे."

"पण अपोलोनियाकाकू त्र्याहत्तरला घरी आल्या होत्या ना?"

"आली." त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "तोवर सवय झाली होती. आणि गुडघा दुखायला लागला होता."

टिबोरचा फोटो रेडिओवर होता, गळ्यात टाय. तो राजधानीत असतो, नाताळात फोन करतो.

"त्याला माहीत आहे?"

"काय सांगायचं त्याला? तुझ्या दुधासाठी मांजर नोकरीला ठेवली होती, म्हणून?" मग म्हणाले, "ओल्गाला माहीत आहे. त्र्याण्णव साली इथेच बसली होती, तू बसलीयस तिथे. तिनं रोलचे दोन तुकडे खाल्ले. तू एकही खाल्ला नाहीस, पोरी."

दुसऱ्या दिवशी बाईंच्या खोलीत गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, "माथ्यावर गिर्यारोहकांचा निवारा आहे. तिथे मांजर असेल."

"निवारा त्र्याऐंशीत बांधलाय, बाई."

"वेंदेलीनचं वय झालंय. काहीही बोलतो."

"तुम्ही रोलचे दोन तुकडे खाल्लेत, काका म्हणाले."

बाईंनी चष्मा काढला. चष्म्याशिवाय त्या मला एकदम दमलेल्या दिसल्या. "माझा मुलगा तेव्हा दोन वर्षांचा होता. नवरा सोडून गेलेला. प्रबंध झाला नसता तर मुलाला घेऊन आईच्या दारात परत. त्या एकसष्टांवर माझी दोन प्रकरणं उभी होती. मी काय करायला हवं होतं?"

"मला माहीत नाही."

"कळेल. घरी जा, मुलीला पाज, सोमवारी दुरुस्त्या पाठव. मापं तू घेतलीस, ती तर खोटी नाहीत ना?"

शनिवारी राडोव्हान आला. येताना आग्नेशासाठी चाकांचं लाकडी बदक आणलेलं आणि कागदावर फळीचं माप लिहून आणलेलं. परत आला की भिंतीला फळी ठोकायची, माझ्या पुस्तकांसाठी. मी त्याला सगळं सांगितलं.

"चिचुंद्र्यांसाठी?" तो म्हणाला.

"हो."

"त्यानं कुणी मरतंय का?"

"नाही."

"कुणाचं घर पडतंय?"

"नाही."

"मग आपलंच का पाडतेस?" त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला भांडता आलं असतं. तो आग्नेशाला घेऊन अंगणात गेला आणि बदक गवतातून ओढत राहिला. कितीतरी वेळ चाकाचा किरकिर आवाज येत होता.

माझ्या डोळ्यांपुढे एवढंच येत होतं, की तीस वर्षांनी कुणीतरी कडेवर मूल घेऊन माझ्या दारात येईल, तिच्या वहीत तीच त्रेचाळीस भोकं असतील, आणि मी चहा टाकायला उठेन. तिच्यापुढे बशी सरकवेन. कदाचित माझ्याही खोलीत तेव्हा रेडिओवर आग्नेशाचा फोटो असेल, आणि मी म्हणेन, हिच्यासाठी केलं. ते हिच्या माथी मारायची माझी तयारी नव्हती. ती दहा महिन्यांची होती. तिनं काही मागितलं नव्हतं.

आमच्याकडे जुनी चिठ्ठी कधीच काढत नाहीत. कितीही चुकीची असो, ती पायाला राहते, आणि दुरुस्ती दुसऱ्या चिठ्ठीवर लिहून शेजारी बांधतात, खाली सही आणि तारीख. सोमवारी मी दुरुस्त्या पाठवल्या नाहीत. पातळ दोरा, शाई आणि कापलेले कागद घेऊन खाली गेले. एकसष्ट वेळा लिहिलं: ठिकाण, पायथ्याचं गाव, घराची पायरी, पाचशे दहा मीटर. पकडणारी, घरची मांजर मुरा. कवटीवर दाताची खूण, किंवा खूण नाही. सही माझी. तीन दिवस लागले. पाय इतके बारीक, की गाठ मारताना श्वास धरावा लागे. तिसऱ्या दिवशी दूध साचून ब्लाउज ओला झाला आणि वर बोझेनाच्या कुशीत आग्नेशा भुकेनं टाहो फोडत होती.

बाईंनी आरडाओरडा केला नाही. त्या स्वतः खाली आल्या, एक खण ओढून पाहिला, चार चिठ्ठ्या वाचल्या. "अक्षर छान आहे," म्हणाल्या. मग, "पस्तीस नमुन्यांवर प्रबंध होत नाही, मिलोता. मी सही करू शकणार नाही."

सप्टेंबर गेला, त्याबरोबर जागा गेली.

आठवड्याभरानं वेंदेलीनकाकांचा फोन आला. बातमी कुणी दिली, कळलं नाही.

"मुराचं नाव लिहिलंस म्हणे."

"हो, काका."

"आणि माझं?"

"जुन्या चिठ्ठीवर आहे."

"ती काढणार नाहीत."

"नाही."

मग फोन ठेवल्याचा आवाज आला. फेब्रुवारीत, उपासाआधीच्या सणाचे तळलेले गोड गोळे डब्यात भरून मी आग्नेशाला घेऊन गेले. ती आता बोट धरून चालत होती. पडदा हलला. दार उघडलं नाही. आग्नेशानं दारावर हातानं थापट्या मारल्या, तिला तो खेळ वाटला. डबा पायरीवर ठेवून आम्ही परत आलो.

आता मी औषधांच्या दुकानात उभी असते. राडोव्हान अजून पत्र्याच्या खोलीतच आहे. फळीचं माप लिहिलेला कागद त्यानं परत नेला, की फेकला, विचारलं नाही.

मार्चमध्ये लेख छापून आला. नाव बाईंचं आणि दुसऱ्या शहरातल्या एका प्राध्यापकाचं. माथ्यावरचे नमुने शहाण्णव. मांजराचा उल्लेख नाही. मी मासिकाच्या संपादकांना पत्र लिहिलं, भोकांची यादी जोडली. त्यांनी सभ्यपणे उत्तर दिलं: संग्रहालयाकडे विचारणा केली, नऊ नंबरचं कपाट कीड लागल्यानं बंद आहे, उघडलं की नमुने पाहता येतील. बोझेनाला विचारलं. म्हणाली, "कीडबीड काही नाही. किल्ली बाईंच्या पर्समध्ये असते."

लेखाच्या शेवटी आभार आहेत. खालून दुसऱ्या ओळीत माझं नाव, मोजमापांसाठी. आग्नेशा दुपारी झोपली तेव्हा मी माझी जुनी वही काढून लेखातला प्रत्येक आकडा ताडून पाहिला. एकही चुकलेला नव्हता.