आंगठ्याखालचा खिळा

अंगणभर वाळत घातलेली तूर.

ऑनलाइनची हलकी रंधा मशीन दिसायला देखणी. जड साग घातला की धापा टाकते म्हणतात.

जुनी बैलबंडी मोडली की फळ्यांतले खिळे उपटतात. एखाद्याचं मुंडकं तुटतं, धड आतच राहतं.

मशिनीवर जन्म काढलेल्या माणसाचे कान आधी जातात.

गिऱ्हाइकानं मशीन बघायची ती आपल्या घरची फळी घालून.

म्हणून फुलचंद मोटारसायकलला बंडीची फळी बांधून तांड्यावरून घाटंजीला देवराव सुताराच्या अंगणात आला होता. तो घरीच पलंग, पाट, दारं बनवायचा. हाताच्या रंध्यानं फळी एकसारख्या जाडीची करताना खांदे भरून यायचे. देवरावानं आता काम थांबवलेलं. फळ्या तासणारी त्याची जुनी थिकनेस मशीन विकत मिळाली तर ऑनलाइनवाली बघायचीही गरज नव्हती.

"सोयरीक पाहाले आल्यासारखा काहून उभा हायेस? घाल फळी!" देवरावानं मशीन सुरू केली.

फळी आत गेली. टण्ण वाजलं, ठिणगी उडाली. पलीकडून फळी निघाली ती तुटका खिळा चकाकवतच. फुलचंदनं पटकन त्यावर आंगठा ठेवला. देवराव बटण बंद करायला वळला होता.

देवरावाची बायको शकुबाई चहा घेऊन दारात आली. "काय वाजलं जी, भाऊ?"

"गाठ होती, वहिनी."

खिळ्यापासून पुढं फळीवर एक उभी रेघ उमटली होती. देवरावानं तिच्यावरून बोट फिरवलं. "हे काय गड्या?"

आता सांगायचं. खिळा माझा, पाती तुमची खराब झाली. इतकंच.

"मशीन लाइन मारते वाटते," फुलचंद पुटपुटला.

"आं?"

"लाइन मारते!"

"जोरात बोल ना बाप्पा!"

"मशीन खराब हाये!"

कुंपणापलीकडची बाई धुणं पिळता पिळता थांबली. बहिऱ्याशी खोटंसुद्धा ओरडून बोलावं लागतं.

देवरावानं खांद्यावरचा दुपट्टा काढून मशिनीवरचा भुसा पुसला. पुसलेल्या जागी पुन्हा पुसलं.

"माह्या ध्यानात आलं नसन. डोळे बी गेले वाटते," तो म्हणाला. "मंग तुले नाही देत. ओळखीच्या मानसाले खराब चीज कशी देऊ? तू नवीच घे."

"चालते ना भाऊ! घेतो मी."

"नाही म्हनलं ना! भंगारात टाकीन, पन तुह्या गळ्यात नाही मारनार."

शकुबाईनं कप पुढं केला. घ्यायचा तर आंगठा उचलावा लागणार होता.

"चहा सोडला म्या," फुलचंद म्हणाला.

"कधीपासून?"

फळी छातीशी धरून फुलचंद तुरीतून वाट काढत फाटकाकडे निघाला. मागं देवराव बायकोला मोठमोठ्यानं सांगत होता, "पोरगा साफ हाये. तोंडावर सांगते."

सकाळीच वणीचा एक सुतार मशीन न्यायला गाडी घेऊन आला होता. फुलचंदला शब्द दिलाय म्हणून देवरावानं त्याला परत पाठवलं होतं.