चोरीच्या फांद्या

मी चोर आहे, हे आधीच सांगून टाकते. नंतर कोणी म्हणायला नको, की पद्मजाने लपवलं.

कात्रपला आमच्या बिल्डिंगच्या मागे चाळीस फूट लांब आणि सहा फूट रुंद अशी एक पट्टी आहे. एका बाजूला कंपाउंडची भिंत, दुसऱ्या बाजूला आमच्या तळमजल्याच्या स्वयंपाकघराची खिडकी. सतरा वर्षांपूर्वी राहायला आलो तेव्हा तिथे बिल्डरने टाकलेला राडारोडा होता आणि एक फुटका कमोड. राडारोडा मी घमेल्याने उपसला, कमोड राहू दिला. त्यात आज गवती चहा आहे. अख्खी बिल्डिंग सर्दी झाली की पाती मागायला येते, कमोडचं नाव कोणी काढत नाही.

बाकी सगळं चोरीचं. नर्सरीतून रोप आणायचं म्हणजे होळीला पुरणपोळी हॉटेलातून आणण्यासारखं आहे. आणि माझी आई म्हणायची, मागून आणलेलं रोप जगत नाही, त्याबद्दल थँक्यू म्हटलं तर नक्कीच मरतं. फांदी चोरूनच आणावी, की मूळ धरते. मी आईचं दुसरं काही फारसं ऐकलं नाही, पण हे मात्र तंतोतंत पाळलं.

डबल तगर अंबरनाथच्या शिवमंदिराच्या रस्त्यावरची. एका घराच्या गेटबाहेर डोकावत होती. श्रावणी सोमवारी पिशवीत बेलाच्या पानांखाली घालून आणली. महादेवाने बघितलं असेल, पण तो बोलला नाही. पिवळी जास्वंद उल्हासनगरची, कॅम्प चारची. पडद्याचं कापड घ्यायला गेले होते, दुकानाच्या पायरीवर तेलाच्या डब्यात ती उभी. भाव करता करता एक फांदी पर्समध्ये घातली आणि वर बघते तर सिंधी शेठ माझ्याकडेच बघत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने नजर गल्ल्याकडे वळवली आणि म्हणाला, "साईं, परदे का आखरी दाम बोल दिया. बाकी मैंने कुछ देखा नहीं." पडदे कधीच विटले, जास्वंद आहे.

तर या बागेवर यंदा संक्रांत आली. कमिटीने ठरवलं की तिथे पेव्हर ब्लॉक बसवायचे आणि तीन गाड्या लावायच्या. सेक्रेटरी कमलेश. ही बिल्डिंग त्याच्याच बापाच्या शेतावर उभी आहे. जमिनीच्या बदल्यात चार फ्लॅट मिळाले, त्यातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये तो आणि त्याची आई वेणूताई राहतात. मुलगा वाईट नाही. नवीन मोठी गाडी घेतलीय आणि ती ठेवायला जागा नाही, एवढाच त्याचा दोष. मला म्हणाला, "काकू, तुमच्या खिडकीच्या ग्रिलमध्ये मावतील तेवढ्या कुंड्या ठेवा ना, कोण नाही म्हणतंय?" ग्रिलमध्ये चार मावतात. सतरा वर्षांतली कुठली चार झाडं ठेवू? मी त्या दिवशी जेवले नाही.

उपाय काढला माझ्या सुनेने, अनुयाने. ती ठाण्याला जाहिरात कंपनीत आहे, त्यामुळे तिच्याकडे प्रत्येक गोष्टीला दुसरं नाव असतं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये ती ताडकन उभी राहिली आणि म्हणाली, "ही बाग नाहीच. ही कला आहे."

झालं. आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीवर कधी दोन तास चर्चा झाली नसेल, ती कलेवर झाली. अनुयाने मोबाइलवर दाखवलं, की कुठल्याशा कला महोत्सवात यंदा विषयच आहे: साध्या घरगुती बागांना कला म्हणावं का? निवड झाली तर बागेपुढे नावाचा बोर्ड लागणार, पेपरात फोटो येणार. दुसऱ्या मजल्यावरचे एक जण म्हणाले, कलेला फ्रेम लागते. कोणीतरी म्हणालं, बघणाऱ्याला कळत नाही ती कला, आणि बाग तर कळते, मग ती कला कशी? आमचे हे, म्हणजे श्रीपाद, फॅक्टरीत क्वालिटी कंट्रोलचे ऑफिसर होते. रिटायर झाले तरी कंट्रोल सुटलेला नाही. त्यांनी बायकोची बाजू घ्यावी की नाही? तर हे विचारतात, "कलेचं स्पेसिफिकेशन काय? पास-फेल कोण ठरवणार?" मी असे डोळे वटारले की मुकाट्याने खाली बसले.

शेवटी कमलेशने ठराव लिहिला. 'सदर बाग ही कला असल्याचे महोत्सवाकडून लेखी आल्यास तिला हात लावला जाणार नाही. न आल्यास सोमवारपासून ब्लॉकचे काम सुरू करण्यात येईल.' सगळ्यांनी हात वर केले. ज्यांना मी सतरा वर्षं कढीपत्ता पुरवला त्यांनीही. बाग आपली, गाडी आपली, हातही आपलेच. कोणाला दोष देणार?

गुरुवारी महोत्सवातून यशोधरा मॅडम आल्या. कॉटनची साडी, गळ्यात मातीचे मणी. बाग बघून बाई खरंच हरखल्या, नाही कशाला म्हणू? मागोमाग अनुया, हे, कमलेश, आणि जिन्यावरून धापा टाकत उतरलेल्या वेणूताईसुद्धा.

"हा लाल क्रोटन आणि हा निळ्या रंगाचा डबा," मॅडम म्हणाल्या, "किती धाडसी रचना! यामागे तुमचा विचार काय होता?"

"तिथे ऊन येतं," मी म्हटलं.

"आणि हा कमोड? तुम्ही त्यागलेल्या वस्तूला पुन्हा जन्म दिलात!"

"उचलेना मला. फार जड."

अनुया मागून माझ्या पदराला हिसके देत होती. पण बाईंना माझी उत्तरं जास्तच आवडत होती. 'किती सहज! किती निरागस!' असं म्हणत त्या लिहून घेत होत्या. त्रेसष्ट वर्षांत मला निरागस कोणी म्हटलं नव्हतं. मलाही वाटायला लागलं, की असेल बाई, आपण कलावंत असू. मी जरा ताठ उभी राहिले. कमलेशचं तोंड उतरलं होतं.

मग त्यांनी फॉर्म काढला. नाव लिहिलं, माप लिहिलं, माध्यम म्हणून 'माती व वनस्पती' लिहिलं आणि सहीसाठी बोट ठेवलं. सहीच्या वर छापलेलं होतं: 'ही कलाकृती संपूर्णपणे माझी स्वतःची असून तिचा कोणताही भाग अन्य कोणाकडून घेतलेला नाही.'

मी पेन खाली ठेवलं.

"आई, सही करा ना," अनुया कुजबुजली.

"अगं, फॉर्म आहे तो," हे म्हणाले. "फॉर्मवर कोण खरं लिहितं?"

मी चोऱ्या केल्यात, पण खोटं बोलले नाही. कोणी विचारलंच नव्हतं, म्हणून बोलायची वेळ आली नव्हती. आता विचारलं होतं. मी मॅडमना सगळी बाग पुन्हा फिरवली. ही तगर अमक्याची, ही जास्वंद तमक्याची, हा मोगरा पहिल्या मजल्यावर आधी राहणाऱ्यांचा, ते ट्रान्सफर होऊन गेले तेव्हा कुंडी गच्चीत विसरले होते. पदरचं काय घातलं असेल तर शेण आणि पाणी. शेवटी भिंतीवरच्या कृष्णकमळापाशी आले आणि माझी जीभ अडखळली, कारण वेणूताई शेजारीच उभ्या होत्या.

"ही आमचे कुपाची," वेणूताईच बोलल्या.

खरं होतं. फ्लॅट बुक करायला आलो तेव्हा इथे त्यांचं शेत होतं आणि शेताच्या कुपावर, म्हणजे कुंपणावर, हा वेल पसरलेला होता. महिन्याभराने बुलडोझर आला आणि सगळं गेलं. मी नेलेली फांदी तेवढी राहिली.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं. मला कुठे तोंड लपवू असं झालं.

"मी तवा बगितला व्हता गो. तोंड फिरवला. बगत रायले असते तर जगली असती का ती?"

कमलेश वेलाकडे बघत राहिला. सतरा वर्षं तो खिडकीतून हा वेल बघत होता, पण आपलाच आहे हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

यशोधरा मॅडमनी हळूच फॉर्म मिटला. "मग ही निर्मिती नाही म्हणता येणार, काकू. हा संग्रह झाला," त्या म्हणाल्या. बिचाऱ्यांनाही वाईट वाटलं असावं, कारण सहभागाचं प्रमाणपत्र देते म्हणाल्या. शुक्रवारी ते आलंसुद्धा, सोनेरी बॉर्डरचं. यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं आणि सांगितलं, "यात कला हा शब्द कुठेच नाही." ठरावाप्रमाणे सोमवार पक्का झाला.

मला रडू आलं. भांडी घासता घासता मी मनसोक्त रडले. अनुयाने फक्त प्रमाणपत्र उलटं करून फ्रिजवर ठेवलं.

शनिवारी दुपारी सगळं कात्रप जेवून आडवं झालेलं असताना खिडकीबाहेर कट्ट आवाज आला. बघते तर पहिल्या मजल्यावरची सून मोगऱ्याची फांदी ओढणीत गुंडाळून पळत होती. माझं डोकंच फिरलं. परवा हात वर केलात ना गं, मग आता कशाला हवाय मोगरा? तोंड उघडलं होतं मी. पण मग वाटलं, हात वर केलेल्यांनी मागायचं तरी कुठल्या तोंडाने? आणि मागितलं असतं तर जगलं असतं का? मी तोंड मिटलं. थोड्या वेळाने फ्रेमवाले गृहस्थ आले, त्यांनी अनंत नेला. फ्रेम नव्हती तरी नेला. रविवारी दुपारी तर रांगच लागली. एक जण गेला की दुसरा जिन्यात खोकायचा. मी पडदा ओढून घेतला आणि ओट्यापाशी पाठ करून उभी राहिले. सोसायटीत इतकी एकी मी गणपतीतही बघितली नव्हती.

हे मात्र खवळले. "अगं, दिवसाढवळ्या चोरी चाललीय! मी ओरडतो."

"ओरडून बघाच," मी म्हटलं. "संध्याकाळचा चहा मिळणार नाही."

चार वाजत आले तेव्हा जड पावलं वाजली. पडद्याच्या फटीला एकच डोळा लावला, चोराला तेवढं चालतं. कमलेश होता. इकडे तिकडे बघत भिंतीपाशी गेला आणि कृष्णकमळाचा शेंडा धरून खेचायला लागला. कोवळा, लुसलुशीत शेंडा! तो काय जगणार कपाळ? शेतकऱ्याचा मुलगा, आणि फांदी कुठे तोडायची ते माहीत नाही. उद्या ब्लॉक बसले की दुसरी फांदी मिळणार नव्हती, त्यालाही नाही आणि वेणूताईंनाही नाही.

मी खिडकीकडे पाठ केली आणि चांगला खणखणीत आवाज लावला.

"अहो, ऐकलंत का? कृष्णकमळाची फांदी घ्यायची तर शेंडा घेऊ नये! बुडाजवळची, जून बघून घ्यावी! पेराच्या जरा खाली कापावी, आणि दोन पेरं मातीत जातील अशी लावावी!"

हे पेपरातून डोकं काढून म्हणाले, "मला कशाला सांगतेस? मी काय फांद्या लावतोय?"

"तुम्हाला नाही सांगत."

"मग कोणाला?"

"पहिले आठ दिवस उन्हात ठेवू नये!" मी आणखी मोठ्याने सांगितलं.

बाहेरचं खेचणं थांबलं. पावलं पळून गेली नाहीत, तशीच उभी राहिली. मग पानं सळसळली, आणि खाली, बुडाजवळ, कट्ट आवाज झाला.

तो थँक्यू म्हणाला नाही. मी चहाचं आधण ठेवलं.