बिनबुटांचा नाच

क्लेम ऑर्मरॉडला ऐकू येत नाही, हे आमच्या बँडमध्ये मालक सोडून सगळ्यांना माहीत होतं. कुणी ब्र काढला नाही. लँकेशायरातल्या बोल्टनच्या नाचघरात दर शनिवारी हजारभर माणसं क्लेमच्या ड्रमवर नाचायची आणि त्याचा ताल कधी सुटला नव्हता. गिरणीच्या वाद्यपथकात तो शिकला, महायुद्धात सैन्याच्या छावण्यांतून वाजवत फिरला. पुढे लंडनच्या बड्या बँडने बोलावलं, तर म्हणाला, "तिकडचा चहा पाणचट असतो." असा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

वर्षानुवर्षं शेजारी ट्रम्पेटं किंचाळत होती, त्यातच कान गेले. मग क्लेम नाचणाऱ्यांचे पाय बघायला लागला. बँड कुठवर आलाय, ते त्याला त्या पायांवरून कळायचं.

आम्हाला रेडिओवर बोलावलं तेव्हा सगळे हुरळून गेलो. रेडिओच्या स्टुडिओत नाचणारे नसतात, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. इतकी वर्षं नाचघरात काढल्यावर दुसरं काय होणार!

दुपारी तालमीत दुसऱ्याच गाण्याला क्लेम मागे पडला. मालकांनी हात वर करून बँड थांबवला.

"क्लेम, डुलकी लागली का? थेट कार्यक्रमात असं झालं, तर सोमवारपासून दुसरा माणूस बघतो."

त्यांचे ओठ क्लेमला वाचता आले असणार. त्याने काठ्या मांडीवर ठेवल्या आणि मान खाली घातली. मला रडू आलं.

त्याची बायको नेली सँडविचचा डबा घेऊन आली होती. ती माझ्या कानाशी लागली. "मेव्हिस, इथे कुणी नाचत नाहीये. त्याला कळणार कसं?"

"माझं गाणं शेवटी आहे, तोवर मी रिकामीच," मी म्हटलं. "बूट काढ."

"मी? अगं, लग्नानंतर मी नाचलेच नाही. माझा जोडीदार कायम स्टेजवर."

"म्हणून आता माझ्याशी नाच."

बायकांनी बायकांशी नाचणं आम्हाला नवं नव्हतं. लढाईच्या काळात गावात पुरुष होते कुठे?

प्रक्षेपण सुरू झाल्याचा लाल दिवा लागला. मायक्रोफोनला चाहूल लागू नये म्हणून आम्ही दोघी नुसत्या मोज्यांवर नाचायला लागलो. मालकांचे डोळे पांढरे झाले, पण कार्यक्रम थेट चाललेला, बोलतात काय! क्लेमने एकदा आमच्या पायांकडे पाहिलं आणि जे वाजवलं त्याने अंगावर काटा आला. सगळा बँड त्याने अलगद उचलून नेला. नेलीचं पाऊल तर इतकं हलकं पडत होतं की मलाच तिच्यामागे धावावं लागलं. शेवटी माझ्या गाण्याला ती एकटीच नाचली.

दिवा विझला. मालक आमच्या मोज्यांकडे बघत राहिले, मग क्लेमकडे. सगळं उमगलं त्यांना.

"पुढच्या वेळी या दोघींना घेऊनच ये," ते क्लेमसमोर जाऊन सावकाश म्हणाले.

क्लेम खाली उतरला. बाकीचे वादक वाद्यं पेट्यांत भरत होते. त्याने नेलीपुढे हात केला.

"आता? बाजा थांबला की रे," ती म्हणाली. तो हात पुढे करून तसाच उभा राहिला.

निम्म्या लँकेशायरला नाचवणाऱ्या त्या माणसाला एक पाऊल धड टाकता येईना. दोनदा त्याने तिच्या पायावर पाय दिला. मग नेलीने त्याच्या पाठीवर बोटांनी ताल द्यायला सुरुवात केली आणि त्याची पावलं बरोबर पडू लागली.