दोन एकवीरा

मुरुडच्या बंदराजवळ विनेशचं बोटींची इंजिनं दुरुस्त करायचं दुकान होतं. रोज दुपारी दोनला तो घरी यायचा, घाईघाईनं जेवायचा आणि कानाला हेडफोन लावून कॉम्प्युटरसमोर बसायचा. पलीकडे म्हसळ्याहून त्याची मोठी बहीण सुचिता ऑनलाइन आलेली असायची.

सासू अंथरुणाला खिळल्यापासून सुचिताला घर सोडता येत नव्हतं. दीड वर्षात ती माहेरी आली नव्हती. मुलगा निकेत पुण्याला शिकायला गेला आणि त्याचा कॉम्प्युटर, त्यातल्या अवकाशातल्या ऑनलाइन खेळासकट, मागे राहिला. सासू दुपारी तासभर झोपे. तेवढ्या वेळात बहीणभाऊ मिळून एक मालवाहू यान चालवत. ती सुकाणू धरायची, तो इंजिन सांभाळायचा. वर्षभर खनिजं वाहून त्यांनी ते यान मिळवलं होतं आणि नाव ठेवलं होतं ‘एकवीरा’.

मे महिन्यात खेळाचा मोठा अपडेट आला. पहिल्याच दिवशी सुचिता यानाच्या लिफ्टमध्ये शिरली आणि लिफ्टच्या तळातून आरपार बाहेर अवकाशात पडली. आठ दिवसांनी लिफ्ट सुधारली, तर यानाची चाकं उघडेनात. चाकं उघडली त्या दिवशी भलतंच झालं.

“विन्या, कुठं हायस तू?”

“सुकाणूपाशी. तुझ्याच खुर्चीमागं उभा हाय.”

“खुर्चीत तर मी बसलेय. मागं कुणीच न्हाय.”

विनेशला समोर रिकामी खुर्ची दिसत होती. एकाच अवकाशतळावर, एकाच जागी, दोघं दोन वेगवेगळ्या एकवीरेत होते. आवाज कानाशी होता आणि माणूस कुठेच नव्हतं. सुचिता हसली खरी, पण थोड्या वेळानं म्हणाली, “हितं पण भेटायचं न्हाय म्हणजे काय रे?”

ते विनेशला लागलं. बोटीचं इंजिन का बंद पडतं ते सापडेपर्यंत त्याला जेवण गोड लागत नसे. त्यानं वही काढली. रोज दुपारी खेळातलं एकेक भाड्याचं यान घेऊन दोघं तेच करू लागले: आधी ती चढायची, मग तो; कधी पुढच्या दारानं, कधी मागच्या; कधी इंजिन चालू, कधी बंद. तेराव्या खेपेला गोम कळली. इंजिन चालू असताना दुसरा माणूस मागच्या दारानं चढला, की यानाची दोन यानं होत. आणि एकदा झाली, की खेळातून बाहेर पडून परत आलं तरी ती एक होत नव्हती. त्यानं सगळं व्हिडिओसकट कंपनीला लिहिलं. इंग्रजी सुचितानं नीट करून दिलं.

सहा दिवसांनी उत्तर आलं. हा दोष आम्हाला आढळला नाही, तक्रार बंद करत आहोत, आमची सेवा कशी वाटली ते कळवा.

“व्हिडिओ उघडून तरी बघितला का यांनी?” विनेश ओरडला. त्यानं पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच उत्तर, शब्द न् शब्द तोच. पुढच्या अपडेटमध्ये हेल्मेटला अकरा नवे रंग आले.

जुलैत दुकानात कामाची गर्दी होती. मासेमारी सुरू व्हायच्या आत सगळ्यांनाच इंजिन हवं होतं. इंजिन न्यायला आलेला धर्मा म्हणाला, “ट्रायल राहू दे दादा. पाण्यात गेल्यावर बघू कसं चालतंय.”

विनेशनं पाना आपटला. “पाण्यात गेल्यावर बघू? न तपासता सोडून द्यायचं, आणि गिऱ्हाइकानं काय, मधेच लोंबकळायचं?”

धर्मा बावचळला. “अरे, बोट माझी, गिऱ्हाईकही मीच. तू कुणावर भडकलायस?”

विनेश ओशाळला. त्यानं इंजिन सुरू केलं आणि चांगलं तासभर चालवून बघितलं.

जुलैच्या अखेरीस आणखी एक अपडेट आला. त्याच्या यादीत शेवटून दुसरी ओळ होती: मागच्या दाराचा दोष दूर केला. कुणी शोधला, कुणी कळवला, काही नाही. विनेशनं ती ओळ दोनदा वाचली आणि म्हसळ्याला फोन लावला. दुपारी दोघं खेळात शिरले आणि तो मुद्दाम मागच्या दारानं एकवीरेत चढला.

“दिसलास रे!” सुचिता ओरडली. “हेल्मेट उलटं घातलंयस काय?”

“मी न्हाय घातलं. अपडेटनं घातलंय.”

दोन महिन्यांनी दोघं एका यानात होते. तिनं एकवीरा तळावरून उचलली, कडेकडेनं लाल ग्रहाला वळसा घातला. सासूच्या औषधांबद्दल, निकेतच्या खोलीबद्दल बोलत राहिली. वीस मिनिटं झाली असतील. मग चित्र थिजलं आणि पडदा काळा झाला. सर्व्हर बंद पडला होता. परत शिरायला रांग होती. विनेशचा नंबर चार हजार तीनशे बारा.

“आई उठल्या वाटतं,” सुचिता म्हणाली. “जाते मी. उद्या बघू.”

“थांब ना ताई, दोन मिनिटं.”

पण तिनं हेडफोन काढून ठेवला होता. त्याला लांबून भांड्यांचा आणि तिच्या सासूच्या हाकेचा आवाज ऐकू येत राहिला. नंबर चार हजार तीनशे अकरा झाला. विनेश शिवी हासडून उठला, पाणी प्यायला आणि पुन्हा येऊन बसला.