हिरवी तार, पांढरी तार

मुलगी दुकानात आली तेव्हा कारागीर एका जुन्या गिटारच्या मानेला सरस लावत होता. तिने पाठीवरची बॅग उतरवून टेबलावर आडवी ठेवली आणि चेन उघडली. आतली काळी, बॉडीच्या एका शिंगाला टवका उडालेली गिटार त्याने लगेच ओळखली.

"ही लंब्याची," तो म्हणाला.

"हो, बाबांची. बाबा म्हणाले, काकांशिवाय कुणाच्या हातात देऊ नकोस."

लंब्या आणि कारागीर कॉलेजात एकाच बँडमध्ये गिटार वाजवायचे. अठरा वर्षांपूर्वी लंब्याने वाजवणं सोडलं ते सोडलंच. अजूनही दोघं रस्त्यात भेटले की थांबायचे, बोलायचे, पण गिटारचा विषय कुणीच काढत नसे.

"ब्रिजजवळचा पिकअप बदलायचाय," मुलगी म्हणाली. "अँपचा गेन चढवला की आवाज पत्र्याच्या डब्यासारखा येतो. तळहाताने तारा दाबून वाजवलं की छातीत धप्प बसायला हवं ना? काहीच बसत नाही."

पिकअप म्हणजे तारांची थरथर पकडून अँपला पोचवणारी चुंबकाची पट्टी; तशा तिघांची नावं तिने कागदावर लिहून आणली होती. कारागिराने चष्मा लावला.

"हा सिरॅमिक चुंबकाचा. धारदार, घट्ट. वेगात वाजवलंस तरी प्रत्येक सूर सुटा ऐकू येईल. हा दुसरा अल्निकोचा, जरा मऊ. तिसरा बॅटरीवर चालतो. आवाज एकदम स्वच्छ, पण हळू वाजव नाहीतर जोरात, त्याला फारसं सोयरसुतक नसतं."

"सगळ्यात जास्त आउटपुट कुणाचा?"

"तिथेच सगळे फसतात. आवाजाचा जोर, गेन, तो अँपमध्ये ढीगभर असतो. पिकअपने खालचे सूर गढूळ होऊ दिले नाहीत की झालं."

तिने थोडा विचार करून सिरॅमिकवर बोट ठेवलं. उद्या संध्याकाळी ये, असं सांगून त्याने तिला पाठवलं आणि स्क्रू काढायला घेतले.

मागचं झाकण उघडलं तर आत त्याचंच काम. हा पिकअप त्यानेच बसवला होता, बँडच्या रेकॉर्डिंगच्या दोन दिवस आधी. पिकअपमध्ये शेजारी शेजारी दोन कॉइल असतात. हिरवी आणि पांढरी तार म्हणजे दुसऱ्या कॉइलची दोन टोकं. कोणती कुठे जोडायची हे प्रत्येक कंपनीचं वेगळं. त्याने कागद न बघता, सवयीने तारांना डाख देऊन टाकला होता.

त्याने काट्याचा मीटर जोडला. स्क्रू-ड्रायव्हर एका कॉइलवर टेकवला, काटा उजवीकडे गेला. दुसऱ्यावर टेकवला, काटा डावीकडे गेला. दोन्ही वेळा तो एकाच बाजूला जायला हवा होता. म्हणजे दोन कॉइल अठरा वर्षं एकमेकींचा आवाज खात बसल्या होत्या.

त्याने दोन तारांची अदलाबदल केली आणि गिटार अँपला लावली. पहिल्याच फटक्याला टेबलावरचे स्क्रू थरथरले. पिकअपला काहीही झालेलं नव्हतं.

त्याला रेकॉर्डिंगचा दिवस आठवला. लंब्याचा आवाज बारीक येत होता आणि काचेपलीकडचा रेकॉर्डिंगवाला पुन्हा पुन्हा थांबवत होता. "वायरिंग बघ ना रे एकदा," लंब्या म्हणाला होता. कारागिराने साधा मीटर लावला. तारा उलट्या असल्या तरी त्यावर आकडा बरोबरच येतो. तेव्हा रंगांबद्दल एक शंका त्याच्या मनाला चाटून गेली होती. पाच मिनिटांचं काम होतं. पण लंब्याचा भाग त्याच्याऐवजी कुणी वाजवायचा हे ठरत होतं, आणि सगळे कारागिराकडे बघत होते.

"वायरिंग ठीक आहे," तो सगळ्यांसमोर म्हणाला होता. "तुझा हातच बसत नाहीये."

आता नवा पिकअप बसवून मोकळं होता आलं असतं. त्याने डाख द्यायची सोल्डरिंग गन तापवलीसुद्धा. मग बंद केली, गिटार बॅगेत घातली आणि दुकानाला कुलूप लावलं.

लंब्या चष्म्याच्या दुकानात कामाला होता. मागच्या खोलीत, दिव्याखाली, तो एका भिंगाची कड घासत होता. कारागिराने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. चाक फिरत राहिलं.

"चुकून झालं म्हणतोस?" लंब्याने वर न बघता विचारलं.

"जोडणी चुकून. पण त्या दिवशी मला शंका आली होती. मी बघितलं नाही."

"का?"

"तू बाजूला झालास तर मला वाजवायला मिळणार होतं."

लंब्याने चाक बंद केलं. भिंग पुसलं, उजेडात धरलं, पुन्हा पुसलं.

"मी घरी रोज बोटांचे व्यायाम करायचो, माहितीये? वर्षभर. आई म्हणायची, हाताला काही झालंय का, डॉक्टरला दाखवू." तो हसला, पण ते हसू ओठांवरच राहिलं. "आणि तू रस्त्यात भेटलास की मीच शरमेने विषय टाळायचो."

"लंब्या, मी…"

"गिटार ठेव तिथे. जा आता. गिऱ्हाईक थांबलंय."

पुढचे दहा दिवस कारागिराचं कामात लक्ष लागलं नाही. एका गिटारला त्याने तारा चढवल्या, त्याही उलट्या क्रमाने. फोन वाजला की दचकायचा, आणि दुसऱ्याच कुणाचा निघाला की त्याला हायसंही वाटायचं आणि वाईटही.

अकराव्या दिवशी मुलगी आली. पाठीवर दुसरीच गिटार, लाल, मैत्रिणीकडून घेतलेली.

"बाबा काळीला हात लावू देत नाहीत," ती कुरकुरली. "सकाळी कामावर जायच्या आधी तासभर वाजवतात. शेजारी तक्रार करायला आले तर त्यांनाही ऐकवलं. आता तो सिरॅमिकवाला ह्यात बसवायचाय."

"बाबांनी पाठवलं?"

"हो." ती जरा घुटमळली. "म्हणाले, त्याच्याकडूनच करून घे, त्याच्याइतका सफाईदार हात कुणाचा नाही. पण गिटार ठेवून येऊ नकोस. समोर उभी राहा आणि तो काय जोडतोय ते बघ. मला नीट कळलं नाही, काका. तुमचं भांडण झालंय का?"

"नाही. बरोबर सांगितलं त्यांनी."

त्याने स्टूल स्वतःच्या शेजारी ओढलं, तिला बसवलं आणि नव्या पिकअपच्या डबीतला रंगांचा कागद उलगडून तिच्या हातात दिला.

"मोठ्याने वाच," तो म्हणाला. "मी कुठे चुकलो तर तिथल्या तिथे थांबव."

ती वाचू लागली.