मागे सरकणारी गिटार

स्टुडिओत अकराव्यांदा लाल दिवा लागला, डार्सी रॅटलिफने अकराव्यांदा तेच गाणं सुरू केलं आणि अकराव्यांदा काचेपलीकडून रेकॉर्डिंग करणाऱ्या लायल प्रूएटचा आवाज तिच्या हेडफोनमध्ये आला.

"थांब, पोरी. परत मागे गेलीस."

"कुठे गेले? आहे तिथेच आहे."

"पायाखाली बघ."

डार्सीने खाली बघितलं. सकाळी प्रूएटने जमिनीवर पांढऱ्या चिकटपट्टीने तिच्या पावलांपुरता चौकोन आखला होता. दोन्ही पावलं चौकोनाबाहेर, चांगली हातभर मागे होती. स्वतःच्याच तंगड्यांचा तिला असा संताप आला की कोणी बघत नसतं तर तिने त्यांना चिमटे काढले असते.

यात तिचा फारसा दोष नव्हता. डिकन्सन काउंटीच्या डोंगरात, फायर स्टेशनच्या हॉलमध्ये, दर शनिवारी रॅटलिफ मंडळींचा ब्लूग्रास, म्हणजे डोंगरी लोकगाण्यांचा, बँड उभा राहायचा, तेव्हा चार माणसांत मिळून माइक एकच असायचा. ज्याची पाळी आली त्याने पुढे घुसायचं, आपला तुकडा वाजवायचा आणि तो संपता संपताच मागे सरायचं, म्हणजे पुढच्याला वाट मिळते. उशीर केला की बँजोचा दांडा कानशिलात बसलाच. डॉयलकाकाची एकदा भुवई फुटली होती, तरी पठ्ठ्याने मँडोलिन थांबवलं नव्हतं. नऊ वर्षांची डार्सी लाजून पुढे जायची नाही, तेव्हा डॅडीचं, म्हणजे होबर्ट रॅटलिफचं, कोपर तिच्या पाठीत बसायचं. अशी ती पुढे जायला शिकली आणि मग मागे यायलाही शिकली. तेरा वर्षं हेच चाललं होतं. आता तुकडा संपत आला की पाय आपोआप मागे निघत आणि तिला पत्ताही लागत नसे.

नॅशव्हिलमध्ये हे चालत नव्हतं. इथे प्रत्येक वाद्याला आपली वेगळी खोली आणि वेगळा माइक होता. तिच्या गिटारसमोरचा माइक वीतभर अंतरावर होता आणि ती जरा सरकली तरी आवाज पातळ व्हायचा.

"शेवटचा तुकडा तू झकास वाजवतेस," प्रूएट म्हणाला, "पण ऐकताना वाटतं, वाजवणारी बाई दाराबाहेर निघाली."

ऑगस्टमधल्या एका स्पर्धेत प्रूएटने तिला ऐकलं होतं. रेकॉर्ड कंपनीला हवा होता तिचा गळा. गिटार वाजवायला शहरात भाडोत्री हात पुष्कळ होते, असं त्यांचं म्हणणं. डार्सी हटून बसली. गिटार माझीच, नाहीतर राहू दे तुमची रेकॉर्ड, असं तिने फोनवर सांगून टाकलं आणि मग तासभर फोनजवळून हलली नाही. शेवटी प्रूएटने तिला आज दुपारी दोन वाजेपर्यंत वेळ दिला. दोन वाजता केनी व्हॉस हा भाडोत्री गिटारवाला येणार होता. तो एका दमात सगळं वाजवून मोकळा होणार आणि डार्सीने नुसतं गायचं. कव्हरवर फोटो तिचा, हातात गिटारही तिची, आणि आत बोटं भलत्याचीच. फोटोसाठी गिटार धरणाऱ्या बायकांना तिने आजवर पोट भरून नावं ठेवली होती. आता तीही त्यांच्यातलीच एक होणार होती.

उपाय सगळे करून झाले. टाचा वाजतात म्हणून बूट काढायला लावले, ती मोज्यांवर उभी राहिली. मग खुर्चीवर बसवलं, तर शेवटच्या ओळीला ती खुर्चीसकट मागे सरकली आणि खुर्ची कुरकुरली तेही टेपवर गेलं. मग पावलांमागे वाळूच्या पिशव्या ठेवल्या. त्यांना अडखळून ती पडता पडता वाचली.

आणि या सगळ्या तमाशाला कोपऱ्यातल्या स्टुलावर डॅडी हजर होते. बँजो कोणीतरी नॅशव्हिलचाच वाजवत होता, तरी आपल्या बँजोची पेटी गुडघ्यांत धरून ते बसले होते. "तुझ्या गाडीचा भरवसा नाही" म्हणत सहा तास ट्रक हाकत आले होते आणि येताना घरून बोलोनीचे, म्हणजे मांसाच्या स्वस्त चकत्यांचे, सँडविच आणले होते. ते त्यांनी प्रूएटपासून झाडूवालीपर्यंत सगळ्यांना वाटले.

"प्रूएटसाहेब," मधल्या सुट्टीत ते म्हणाले, "मधोमध एक माइक ठेवा. सगळे भोवती उभे राहू. जेवणाच्या आत अख्खी रेकॉर्ड करून देतो."

"मिस्टर रॅटलिफ, ते दिवस गेले."

"कोणी घालवले?"

प्रूएटने डार्सीकडे बघितलं. डार्सीने छताकडे बघितलं. या माणसाला घरी ठेवून यायला हवं होतं, हे तिने आज सकाळपासून दहा वेळा तरी मनात म्हटलं होतं.

पाऊण वाजता केनी व्हॉस लवकरच आला. कॉफी घेऊन काचेपलीकडे बसला आणि पेपरातलं शब्दकोडं सोडवू लागला. माणूस सज्जन होता, तिला बघून हात हलवला. डार्सीच्या अंगाचा आणखी तिळपापड झाला.

चौदाव्या खेपेला डॅडी लघवीला म्हणून बाहेर गेले. लाल दिवा लागला. डार्सीने सुरुवात केली, कडवं गायली, मधला तुकडा उचलला. बोटं पळत होती. शेवट जवळ आला आणि तिच्या लक्षात आलं, आपण हललोच नाही. तेवढ्यात दार हळूच उघडलं, डॅडी चवड्यांवर चालत आत आले, आणि तिचा उजवा पाय मागे गेला.

"अगं, आत्ता तर आलं होतं!" प्रूएट ओरडला.

डार्सी गिटार धरून तशीच उभी राहिली. हॉलमध्ये तिच्या तुकड्यानंतर नेहमी बँजोची पाळी असते. ती माइकसाठी मागे सरतच नव्हती. ती डॅडींना वाट देत होती.

"डॅडी, जरा बाहेर बसा."

"मी? मी तोंडातून चकार शब्द काढला नाही."

"माहीत आहे."

"श्वाससुद्धा हळू घेतोय."

"डॅडी, तुम्ही इथे असलात की मला वाजवता येत नाही." आवाज नको तेवढा चढला, आणि काचेपलीकडे व्हॉसने शब्दकोड्यातून मान वर केली. "जा ना. प्लीज."

होबर्ट रॅटलिफ तिच्याकडे बघत राहिले. मग पेटी उचलली, टोपी घातली आणि गेले. दार आपटलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी ते दोन्ही हातांनी अलगद लावलं.

पंधराव्या खेपेला डार्सी चौकोनात खिळल्यासारखी उभी राहिली. सगळा राग बोटांत उतरला होता, शेवटचा सूर विझेपर्यंत ती जागची हलली नाही. व्हॉसने पेन ठेवलं आणि आपली गिटार न उघडताच दाराकडे निघाला. जाताना एवढंच म्हणाला, "हे मला वाजवायला सांगितलं असतं तर मी आजारी आहे सांगून घरीच बसलो असतो."

ती मोज्यांवरच बाहेर धावली. ट्रकचं दार उघडं टाकून डॅडी आत बसले होते.

"झालं?"

"झालं. गिटार माझीच राहिली."

"हललीस?"

"नाही."

"हं."

"तुम्ही रागावलात."

"रागवायला काय झालं?"

"रागावलात. मला कळतं. हे बघा, उद्या दिवसभर काम आहे, परवा सकाळी निघू, म्हणजे शनिवारी हॉलला वेळेत पोचू. आणि पुढचे शनिवारही मी जमवीन. सहाच तासांचा तर रस्ता आहे."

"तू नको येऊस. या शनिवारपासून तुझ्या जागी डॉयलच्या सुनेला घेतलंय."

डार्सीला वाटलं, आत्ता बाहेर काढलं त्याचाच हा सूड. "आत्ता फोन केलात?"

"तिला ऑगस्टातच सांगून ठेवलं. साहेबाचं पत्र आलं, त्याच दिवशी."

"तेव्हा माझं काही पक्कंसुद्धा नव्हतं! आणि मला विचारायचं नाही? डॅडी, ती बाई ताल सोडते. तिला धड तार लावता येत नाही."

"नाही येत. कान किटतात."

"मग?"

"मग काय." ते समोरच्या काचेवरची धूळ बोटाने पुसत राहिले. "जागा रिकामी ठेवली असती तर तू दर शनिवारी गाडी हाणत आली असतीस. माझ्यासाठी. आणि हे इथलं अर्धवट सोडलं असतंस."

डार्सीला त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं. दोन महिने हा माणूस मनात हे घेऊन तिच्या शेजारी उभा राहून बँजो वाजवत होता, आणि आज तिने त्याला सगळ्यांदेखत बाहेर काढलं होतं.

"मग आज कशाला आलात इथे?"

"बघायला. तेवढंही नको?"

डार्सीला रडू फुटलं, आणि रडू फुटलं म्हणून आणखीच राग आला.

"तुम्ही ना, डोक्याला नुसता ताप आहात."

"बरं," डॅडी म्हणाले. "बूट घाल, पाय खराब होतील. आणि परत आत जाशील तेव्हा साहेबाला सांग, मी इथेच बसतोय, आत येत नाही."